माया

धुळ्याच्या प्रेसमधून तौसीफ पिंजारीचा फोन आला:
"मावशी, तुमनी फाइलमा नुसता चौकोन शेतस."

चाळीस वर्षं पारोळ्यात ब्लाउज शिवतेय,
मला चौकोन माहीत तो बगलेतल्या चौबगल्याचा.
पण हे पुस्तक होतं, कटिंगचं,
चौऱ्याण्णव पानं,
भाचीच्या लॅपटॉपवर एका बोटानं टाइप केलेली.

तो म्हणाला, तुमचा फॉन्ट आमच्या मशीनवर नाही.
म्हणजे परगावी शिवायला जायचं
आणि धरून चालायचं की सुई-दोरा तिथं असेलच.
अक्षरं सोबत बांधून पाठवायची असतात, मावशी.
वर्ड नको. पीडीएफ करा.

केली.
सेव्ह करताना खाली दोन गोल आले, मी लहान फाइलवाला दाबला.
लहान ते बरं, लवकर पोचेल.
पोचली लवकर.
फोटोत टेप दिसे, टेपवरचे आकडे दिसेनात.
"तो मोबाइलवर पाहायला. छापायला वरचा."
आणि फोटो सगळे व्हॉट्सअॅपवरून आलेले,
वाटेतच आटलेले.
ओढून मोठे केले तर सूत थोडंच वाढतं,
वीण विरळ होते फक्त.
हे मीच म्हटलं. तो हसला.

मग पान.
लिहिलं ए-फोरवर, पुस्तक निघायचं ए-फाइव्ह.
"छत्तीसचं ब्लाउज बत्तीसच्या अंगावर घातलंत."
मला सांगतो हा!
पण खरं होतं. माप कापण्याआधी घेतात,
कापल्यावर घेतात त्याला रडणं म्हणतात.

आकार बदलला आणि मथळे सैरावैरा.
मधोमध आणायला मी स्पेसबार दाबत गेलेली,
नवं पान हवं तर एंटर, एंटर, एंटर.
सगळं कच्च्या धाग्यावर.
पेज ब्रेक नावाचा पक्का टाका असतो म्हणे.
तीन रात्री एंटर उसवत बसले.
उसवायचा मला कंटाळा नाही,
नव्या पोरींना पहिला महिना मी तेवढंच काम देते.

मुखपृष्ठावर लाल खण हवा होता, पार कडेपर्यंत.
"मग चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड सोडा."
ब्लीड काय?
"रंग पानाबाहेर जाऊ द्यायचा. कटर जरा सरकला
तर पांढरी कड दिसायला नको."
अरे, मग माया म्हण की.
तो गप्प.
शिवणीत जास्तीचं कापड सोडतात ती माया.
पोरगी अंगानं भरली, बाळंत झाली,
की तिथूनच अर्धा इंच मोकळा करून देतो आम्ही.
"मनी माय गाद्या शिवस," तो जरा वेळानं म्हणाला,
"ती बी मायाच म्हणस."

पान सहा मिलिमीटरनं मोठं केलं, खण कडेबाहेर ओढला.
फरक एवढाच की त्याची माया कापून टाकतात.
प्रेसच्या कोपऱ्यात तिचा ढीग पडत असेल,
लाल लाल, बोटभर रुंदीचाही नाही.
आमची आत राहते.
कुणी ब्लाउज उलटा करून पाहिला तरच दिसते.

शेवटी फाइलीच्या पोटात शिरून
फॉन्टांची नावं तपासली, एकेकापुढे "एम्बेडेड".
तरी विश्वास बसेना.
समोरच्या रसवंतीवाल्या सुपडूच्या मोबाइलवर पाठवली.
त्याच्याकडे माझा फॉन्ट असायचं कारण नाही.
अक्षरं उभी. जोडाक्षरंसुद्धा. "श्वास" अख्खा.
उसाच्या चिकट अंगठ्यानं पानं सरकवत
तो सव्विसाव्यावर थांबला, मोठ्यानं वाचलं:
"छातीचं माप घेताना बाईला आधी श्वास सोडू द्यावा.
घाई करू नये."

चरक बंद करून म्हणाला,
"कितलानं शे हाई पुस्तक?"

किंमत घालायची राहिलीच होती.
पुन्हा वर्ड उघडलं.